साल नसलेली प्रत आणि ‘संदर्भ’ची एक ओळ: दुर्मिळ संगीताच्या कॅटलॉगिंगमधलं न दिसणारं काम

मोझार्टच्या तीन सोनाटांची एक जुनी छापील प्रत टेबलावर आहे असं समजा. मुखपृष्ठ फ्रेंच आहे: तीन सोनाटा, क्लाव्हसँ (म्हणजे हार्प्सिकॉर्ड, पियानोआधीचं कळवाद्य) किंवा पियानोफोर्टेसाठी, कृती सहावी, व्हिएन्ना, आर्तारिया आणि कंपनी. बस्स, एवढंच. साल कुठेच नाही. आतल्या पानांच्या तळाशी एक बारीक आकडा आहे, आणि कागदावर बोट फिरवलं तर छापलेल्या भागाभोवती चौकोनी दबलेली कड हाताला लागते.

ती कड म्हणजे पत्र्याची खूण. अठराव्या शतकात युरोपातलं बरंचसं संगीत खिळे जुळवून छापत नसत. धातूच्या पत्र्यावर पाच रेघा ओढायच्या, सुरांची चिन्हं ठोकायची, कोरायची आणि त्या पत्र्यावरून कागद काढायचा. एका पानाला एक पत्रा. काम झालं की पत्रे कोठारात जात. गिऱ्हाईक आलं की हव्या तेवढ्या प्रती पुन्हा काढता येत. मुखपृष्ठावर साल घातलं तर दोन वर्षांत माल शिळा दिसणार, म्हणून प्रकाशक ते घालतच नसत. परिणाम असा की एकाच पत्र्यावरून पहिल्या वर्षी निघालेली प्रत आणि वीस वर्षांनी निघालेली प्रत शेजारी ठेवल्या तर वरवर जुळ्या बहिणी वाटतात.

आर्तारियाने या तीन सोनाटा १७८४ मध्ये काढल्या. पण आपल्या हातातली प्रत त्याच वर्षीची कशावरून? हे एकट्या प्रतीकडे बघून सांगता येत नाही. सुदैवाने हा हिशोब कुणीतरी आधीच केलेला असतो: शेकडो ग्रंथालयांतल्या प्रती एकमेकींशी ताडून, फरक टिपून, त्यांना क्रमांक देऊन. आपण आपली प्रत त्या यादीतल्या नेमक्या नोंदीशी जुळवायची आणि कॅटलॉगमध्ये एक ओळ लिहायची: संदर्भ, अमुक सूची, अमुक क्रमांक.

ही ओळ लेखाखालच्या तळटीपेसारखी नसते, आणि घोळ नेमका तिथेच होतो. तळटीप सांगते, ‘मी हे तिथून घेतलं.’ कॅटलॉगमधली संदर्भाची ओळ सांगते, ‘तिथे ज्या छापाचं वर्णन आहे, तोच छाप माझ्या हातात आहे.’ ही ओळखीची ग्वाही आहे. ती चुकली तर दुसऱ्या देशातला अभ्यासक आपली प्रत पहिला छाप समजून तिकीट काढून येऊ शकतो.

एका प्रतीला चार सूच्या, चार वेगळे प्रश्न

या सोनाटांसाठी निदान चार संदर्भग्रंथ उघडावे लागतात, आणि प्रत्येकाचं काम वेगळं.

पहिला क्योखेल. लुडविग फॉन क्योखेल यांनी १८६२ मध्ये मोझार्टच्या रचनांची सूची केली. आपल्या तीन सोनाटा तिथे ३३०, ३३१ आणि ३३२. हा क्रमांक रचनेचा आहे, छापाचा नव्हे. उद्या याच सोनाटा मुंबईत कुणी छापल्या तरी त्या के. ३३०, ३३१, ३३२ च राहणार. त्यामुळे क्योखेल क्रमांकाने पुस्तकाची ओळख पटत नाही, फक्त त्यात काय वाजतं ते कळतं. त्याची जागा प्रमाणित शीर्षकात, आणि मार्क २१ मध्ये (ग्रंथालयाच्या नोंदी संगणकात भरायच्या प्रमाण साच्यात) रचनेच्या क्रमांकांसाठी असलेल्या ३८३ या टॅगमध्ये, म्हणजे आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या रकान्यात. क्योखेलच्या नोंदीत त्या रचनेच्या जुन्या छापांचाही उल्लेख असतो. त्यावरून आपला छाप नेमका ओळखू येत असेल तरच संदर्भाच्या ओळीत क्योखेल घालावा. नुसता क्रमांक माहीत आहे म्हणून घातला तर ओळ लांब होते, उपयोग शून्य.

क्योखेलमध्ये आणखी एक खाच आहे. १९३७ च्या तिसऱ्या आवृत्तीत आल्फ्रेड आइनस्टाइन यांनी (हे संगीताचे अभ्यासक, सापेक्षतावादवाले आल्बर्ट नव्हेत) रचनांचा कालक्रम नव्याने लावला, आणि के. ३३१ ला ३००आय हा जादा क्रमांक चिकटला. १९६४ च्या सहाव्या आवृत्तीतही तो राहिला. २०२४ च्या नव्या आवृत्तीने कालक्रमाचा हट्ट सोडून रूढ क्रमांक पुन्हा पुढे आणले. म्हणजे जुन्या कार्डावर नुसतं ‘३००आय’ दिसलं तर ती वेगळी सोनाटा नाही. शेवटच्या भागात प्रसिद्ध ‘तुर्की’ रोंदो असलेली तीच. क्रमांक कुठल्या आवृत्तीतला ते लिहिलं नाही तर पुढच्याला कोडं पडतं.

दुसरी सूची रिझम. संगीताच्या स्रोतांची ही आंतरराष्ट्रीय सूची, काम १९५२ मध्ये सुरू झालं. तिच्या ए/१ या मालिकेत १८०० पूर्वीचे, एकाच संगीतकाराचे छापील ग्रंथ येतात. इथला क्रमांक छापाचा असतो, म्हणून संदर्भाच्या ओळीत तो हक्काने बसतो.

तिसरा संदर्भ गेरट्राउट हाबरकाम्प यांचा, मोझार्टच्या रचनांच्या पहिल्या छापांवरचा १९८६ चा दोन खंडांचा ग्रंथ. रिझम जिथे थांबतं तिथून हा पुढे जातो. एकाच पत्र्यांवरून पुढे निघालेल्या प्रती एकमेकींपासून कशा ओळखायच्या, हे इथे मिळतं. आपल्या प्रतीचं खरं वय इथे उघडं पडतं.

चौथा आलेक्झांडर वाइनमान यांचा, आर्तारियाच्या प्रकाशनांचा. पानाच्या तळाशी जो बारीक आकडा दिसतो तो पत्राक्रमांक; प्रकाशकाने कोरलेल्या कामाला दिलेला. वाइनमान यांनी हे क्रमांक लावून त्यांच्या तारखा शोधल्या. साल नसलेल्या प्रतीला चौकटी कंसात साल द्यायचं तर आधार इथला.

संगीतकाराची सूची, छापांची सूची, पहिल्या छापांचा बारीक अभ्यास आणि प्रकाशकाची यादी हे चारही गट वेगळे धरले की अर्धं काम झालं. मुखपृष्ठावरचा ‘कृती सहावी’ हा आकडा मात्र यातल्या कशातच धरू नये. मोझार्टच्या छापांवरचे असले क्रमांक बहुतेक प्रकाशकांनी आपापल्या सोयीने घातलेले आहेत.

रिझम वापरताना

ए/१ चे नऊ मुख्य खंड १९७१ ते १९८१ या काळात निघाले, पुढे पुरवण्या आल्या. मांडणी संगीतकाराच्या आडनावाप्रमाणे. प्रत्येक अक्षराचे क्रमांक एकपासून सुरू. म्हणून नुसता आकडा निरर्थक, अक्षर हवंच. पुरवणीत आलेल्या नोंदींचं अक्षर दुहेरी छापलेलं असतं: एमच्या जागी एमएम. कॅटलॉग तपासणाऱ्याला हे टायपिंगची चूक वाटते, तो एक अक्षर उडवतो, आणि संदर्भ गुपचूप भलत्याच पुस्तकाकडे वळतो. दुहेरी अक्षर दिसलं की हात आवरावा.

ए/१ ची दुसरी मर्यादा तिच्या जन्मातच आहे. देशोदेशींच्या ग्रंथालयांनी आपल्या प्रतींची माहिती पाठवली, ती एकत्र करून नोंदी झाल्या. शीर्षकं बरीच कापलेली. प्रत कुठे आहे ते खुणेने दिलेलं असतं: बोलोन्याच्या संगीत संग्रहालयाला एक खूण, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीला दुसरी. पण एका नोंदीखाली दहा ग्रंथालयं दिसली म्हणजे दहाही प्रती तंतोतंत सारख्या, असं समजू नये; त्या शेजारी ठेवून कुणी पाहिलेल्या असतीलच असं नाही. रिझमचा क्रमांक लिहिणं म्हणजे ‘छाप हा’ एवढंच सांगणं. त्यातली कितवी काढणी, म्हणजे त्याच पत्र्यांवरून कितव्या खेपेला काढलेली प्रत, ते आपल्याला वेगळ्या टिपेत सांगावं लागतं.

अनेक संगीतकारांचे संग्रह ए/१ मध्ये शोधत बसणं ही नवख्याची ठरलेली चूक. त्यांच्यासाठी बी मालिका आहे: सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या संग्रहांसाठी बी/१, अठराव्या शतकातल्यांसाठी बी/२. बी/१ चं काम फ्रांस्वा लझ्यूर यांचं, १९६० चं. मांडणी सालाप्रमाणे. त्या सालात एकापेक्षा जास्त संग्रह असले की सालाच्या डोक्यावर बारीक आकडा चढतो.

हा बारीक आकडा किती छळतो, ते पेत्रुच्चीच्या उदाहरणात दिसतं. ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने व्हेनिसमध्ये १५०१ साली ‘ओधेकातोन’ हा अनेक आवाजांच्या गीतांचा संग्रह हलत्या खिळ्यांनी छापला. बी/१ मध्ये त्याचा क्रमांक नुसता १५०१. तोच संग्रह त्याने पुन्हा दोनदा छापला: त्यातला एक छाप १५०३ च्या डोक्यावर बारीक २, दुसरा १५०४ च्या डोक्यावर बारीक २. मालिकेतला पुढचा संग्रह ‘कांती बी’, तो १५०२ च्या डोक्यावर २. आता ही नोंद संगणकात साध्या अक्षरांत उतरवा. डोक्यावरचा आकडा खाली घसरतो आणि उरतं १५०२२. शोधणाऱ्याला तो कुठला तरी पाच आकडी नोंदक्रमांक वाटतो. याहून वाईट म्हणजे प्रणाली तो आकडा गिळून टाकते आणि उरतं नुसतं १५०२. मग ‘कांती बी’ आणि त्याच वर्षीचा मोटेट्सचा (धार्मिक गायनरचनांचा) संग्रह, ज्याच्या डोक्यावर १ आहे, यांत फरकच राहत नाही. म्हणून मध्ये तिरपी रेघ घालून १५०२/२ असं लिहायची पद्धत पडली आहे. आपल्या ग्रंथालयात कुठलीही पद्धत ठेवा, पण एकच ठेवा, आणि एक नोंद भरून सार्वजनिक पडद्यावर ती कशी उमटते ते स्वतः बघा. आत बरोबर आणि बाहेर चूक, असं फार वेळा होतं.

पेत्रुच्चीसाठी रिझमवर थांबायची गरजही नाही. क्लाउदिओ सार्तोरी यांची १९४८ ची सूची आहे आणि स्टॅन्ली बूर्मन यांचा २००६ चा सविस्तर ग्रंथ आहे. एखाद्या छापखान्यावर इतकं बारीक काम झालेलं असेल तर ते आधी उघडावं, मोठ्या सर्वसाधारण सूच्या नंतर.

५१० टॅग

मार्क २१ मध्ये या ओळीची जागा म्हणजे टॅग ५१०. दुर्मिळ छापील वस्तूंसाठी पहिला इंडिकेटर (टॅगनंतर येणारा एक आकडी संकेत) बहुधा ४ असतो: सूचीतली नेमकी जागा दिली आहे. जागा देता येत नसेल तर ३. (०, १ आणि २ हे नियतकालिकांच्या निर्देशसूच्यांसाठी, ते चुकून पडले तर पडद्यावर ‘यात निर्देशित’ अशा अर्थाचं काहीतरी उमटतं.) दुसरा इंडिकेटर रिकामा. सबफील्ड ए (टॅगमधला उपरकाना) मध्ये सूचीचं नाव, मग स्वल्पविराम, सबफील्ड सी मध्ये क्रमांक. ऑनलाइन नोंदीचा पक्का पत्ता द्यायचा असेल तर सबफील्ड यू. एका सूचीला एक ५१०. तीन सूच्या एकाच टॅगमध्ये अर्धविराम घालून कोंबू नयेत, कारण मग त्या वेगळ्या शोधता येत नाहीत. कोहासारख्या ग्रंथालय-संगणकप्रणालीत भरताना हा टॅग दिसत नसेल तर फ्रेमवर्कमध्ये (नोंद भरायच्या नमुन्यात) जाऊन तो दिसता करून घ्यावा. टीप म्हणून ५०० या सर्वसाधारण टिपांच्या टॅगमध्ये ढकलू नये.

सूचीचं नाव कसं लिहायचं, यावर चर्चा कमी आणि शिस्त जास्त हवी. दुर्मिळ साहित्याच्या कॅटलॉगिंगसाठी नावांचे ठरलेले संक्षेप आहेत. त्यांची पुस्तिका अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९८२ मध्ये काढली, दुसरी आवृत्ती १९९६ ची, आणि आता ती यादी दुर्मिळ ग्रंथांच्या ग्रंथपालांच्या संघटनेच्या डेटाबेसमध्ये ऑनलाइन मिळते. तिथे जसं आहे तसंच उतरवावं: तीच अक्षरं, तोच विराम, आवृत्तीचा उल्लेख असेल तर तोही. कुणी ‘रिझम’ लिहिलं, कुणी पूर्ण फ्रेंच नाव, कुणी ‘आर.आय.एस.एम.’, तर एकाच सूचीचे तीन ढीग होतात. क्रमांक नसलेल्या सूचीत खंड आणि पान द्यावं. क्रमांक असेल तर पान देऊ नये.

संगीतासाठी वेगळी नियमावली आहे, डीसीआरएम (एम), २०१६ ची. संदर्भाच्या ओळीबाबत तिचं म्हणणं सर्वसाधारण दुर्मिळ ग्रंथांच्या नियमांसारखंच. फरक व्यवहारात पडतो: संगीतात पत्राक्रमांक असतो, आणि तो ०२८ या टॅगमध्ये स्वतंत्र जातो (पत्राक्रमांकाला पहिला इंडिकेटर २, प्रकाशकाच्या इतर क्रमांकाला ३). ०२८ मध्ये प्रतीवर दिसतं ते, ५१० मध्ये सूचीत आहे ते. दोन्ही आकडे सारखे असले तरी एकाची जागा दुसऱ्याने घ्यायची नाही.

प्रकाशकांच्या कोशाचं काय? समजा लंडनच्या लाँगमन आणि ब्रॉडेरिप कंपनीची बिनसालाची प्रत आहे आणि मुखपृष्ठावर दोन पत्ते आहेत, चीपसाइड आणि हेमार्केट. ब्रिटिश संगीत-प्रकाशकांच्या हम्फ्रीज आणि स्मिथ यांच्या कोशावरून हेमार्केटचं दुकान १७८२ चं, म्हणजे प्रत त्याआधीची नाही. हा आधार मोलाचा. पण कोशात या पुस्तकाची नोंद नाही, कंपनीची आहे. म्हणून तो ५१० मध्ये जात नाही. ५०० मध्ये साधी टीप: साल प्रकाशकाच्या पत्त्यावरून, अमुक कोशाच्या आधारे. आपल्या प्रतीची चर्चा करणारा एखादा अभ्यासलेख असेल तर तो ५८१ मध्ये.

जुळवणी

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून वगळली जाते. आधी सूची उघडायचीच नाही. प्रत समोर ठेवून कागदावर टिपून घ्यायचं: मुखपृष्ठाचा मजकूर ओळींच्या तोडीसकट, प्रकाशकाचं नाव आणि पत्ता, किंमत छापली असल्यास किंमत, पानांची संख्या, सुट्या वादकभागांची संख्या, पत्राक्रमांक. सूची आधी पाहिली की डोळा तिच्यात लिहिलेलंच बघतो.

पत्राक्रमांक पहिल्या पानावर बघून थांबू नये, प्रत्येक पानावर बघावा. मधल्याच दोन पानांवर क्रमांक वेगळा किंवा गायब असेल तर ते पत्रे झिजून नव्याने कोरलेले असू शकतात, आणि मग ही उशिराची काढणी. भिंगाखाली रेघांमध्ये केसासारखी चीर दिसते का तेही पाहावं: पत्र्याला तडा गेला की तो पुढच्या प्रत्येक प्रतीत उमटतो, वाढत जातो. चीर नसलेली प्रत आधीची, लांब चीर असलेली नंतरची. इतकं साधं साधन, पण कॅटलॉगमध्ये फार क्वचित वापरलेलं दिसतं.

मुखपृष्ठावर सगळ्यात कमी विश्वास ठेवावा. वेलबुट्टीची एकच चौकट कोरून मधली जागा मोकळी ठेवायची आणि प्रत्येक पुस्तकासाठी तिथे वेगळं शीर्षक घालायचं, ही रीत सर्रास होती. पत्रे एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे विकले जात. मग आतली पानं जुनीच आणि मुखपृष्ठावर नवं नाव. उलटही होतं: बांधणाऱ्याने एका प्रतीचं मुखपृष्ठ दुसरीला लावलेलं असतं. आतले पत्रे सूचीशी जुळतात आणि मुखपृष्ठ जुळत नाही, अशा वेळी ५१० मध्ये बिनधास्त क्रमांक घालू नये. ५०० मध्ये सांगावं: अमुक क्रमांकाशी तुलना करा, फरक इतका.

सूचीत पाच वादकभाग आणि आपल्याकडे चार, हा मात्र वेगळा प्रकार. छाप तोच, आपली प्रत अपुरी. ५१० पूर्ण द्यावा आणि आपल्या प्रतीपुरत्या टिपेत कुठला भाग नाही ते लिहावं. छाप आणि प्रत यांची सरमिसळ झाली की चांगली नोंदही बिघडते.

दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद उतरवून घेताना ५१० सगळ्यात आधी संशयाने पाहावा. शीर्षक आणि संगीतकार बहुधा बरोबर असतात. क्रमांक मात्र त्यांच्या प्रतीचा असतो, आपल्या नव्हे. फोटो काढून छापलेल्या आधुनिक प्रतींत हाच गोंधळ होतो. पेत्रुच्चीच्या १५०४ च्या छापाची विसाव्या शतकातली छायाप्रत समोर आहे आणि ५१० मध्ये बी/१ चा क्रमांक, असं असेल तर नोंद सांगते की आपल्याकडे सोळाव्या शतकातलं पुस्तक आहे! मूळ प्रतीचा तपशील ५३४ मध्ये.

‘यात नाही’ म्हणायचं केव्हा

सूचीत न सापडणं हीही माहिती असते, आणि कधी कधी ती सगळ्यात मोठी बातमी असते. पण ‘रिझममध्ये नाही’ हे लिहायला दोन अटी आहेत: सूची आपल्या कक्षेपुरती परिपूर्ण असल्याचा दावा करत असली पाहिजे, आणि आपली प्रत त्या कक्षेत पूर्ण बसत असली पाहिजे. १८१५ चा छाप ए/१ मध्ये नाही, ही बातमी नाही. तो तिच्या मुख्य कक्षेबाहेरचा. पाच संगीतकारांचा संग्रह ए/१ मध्ये नाही, हीही नाही. अटी पुऱ्या होत असतील, पुरवण्या पाहून झाल्या असतील, रिझमचा ऑनलाइन कॅटलॉग संगीतकाराच्या नावाच्या वेगळ्या स्पेलिंगांनी चाळून झाला असेल, तर ५०० मध्ये टीप द्यावी. ५१० मध्ये नाही, कारण ५१० म्हणजे ‘तिथे आहे’.

कोलकात्याचं हार्प्सिकॉर्ड, तंजावर आणि मराठी पदांची पुस्तकं

भारतातल्या ग्रंथालयांना हे सगळं परक्या मुलखातलं वाटू शकतं. पण विल्यम हॅमिल्टन बर्ड यांनी हिंदुस्थानी चिजा पाश्चात्त्य स्वरलिपीत बसवून हार्प्सिकॉर्डसाठी केलेला संग्रह १७८९ मध्ये कोलकात्यातच छापला गेला. अशा पुस्तकाला दोन बाजूंनी यावं लागतं: संगीत म्हणून रिझम, आणि कोलकात्याचं जुनं छापकाम म्हणून ग्रॅहम शॉ यांची १८०० पर्यंतच्या कोलकाता-मुद्रणाची १९८१ ची सूची. दोन वेगळ्या परंपरांतल्या दोन ५१० ओळी एकाच नोंदीत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांच्या काळातलं पाश्चात्त्य स्वरलिपीतलं साहित्य आहे, तिथे छापील सूच्यांच्या जोडीला रिझमची हस्तलिखितांची ए/२ मालिका हाताशी हवी.

ध्वनिमुद्रिकांना हाच न्याय. ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांसाठी मायकेल किनियर यांच्या सूच्या आहेत: १८९९ ते १९०८ या काळाची १९९४ मध्ये, १९०८ ते १९१० ची २००० मध्ये. तबकडीवर दोन आकडे असतात. लेबलावरचा विक्रीचा क्रमांक आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक. तेच मुद्रण पुढे वेगळ्या लेबलावर, वेगळ्या विक्री क्रमांकाने निघालं तरी मॅट्रिक्स टिकतो. म्हणजे संगीताच्या पुस्तकातल्या पत्राक्रमांकाचाच भाऊ. ०२८ मध्ये विक्री क्रमांकाला पहिला इंडिकेटर ०, मॅट्रिक्सला १. लेबल फाटलेलं असेल तर तबकडी तिरपी धरून, बाजूने उजेड पाडून मॅट्रिक्स वाचावा आणि मगच सूची उघडावी.

मराठी संगीत नाटकांच्या पदांची पुस्तकं हा आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित ढीग. पातळ, स्वस्त कागदाची, नाट्यगृहाच्या दारात विकलेली, अनेकदा मुखपृष्ठच गेलेली. यांच्यासाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आधी पाहावी: पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. म्हणजे १९४२ चं पुस्तक पहिल्या भागात सापडलं नाही म्हणून ‘दात्यांत नाही’ असं लिहायचं नसतं! एकोणिसाव्या शतकातल्यांसाठी ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी पुस्तकांची ब्लुमहार्ट यांची १८९२ ची सूची जोडीला घ्यावी. नाटकाचं संपूर्ण पुस्तक आणि नुसत्या पदांचं पुस्तक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शीर्षक एकच असल्यामुळे सूचीतली नाटकाची नोंद पदांच्या पुस्तकाला सरळ चिकटवली जाते. पानांची संख्या ताडली की ही चूक दहा सेकंदांत पकडता येते.

साल फाटून गेलं असेल तर १८६७ च्या छापखाने आणि पुस्तक-नोंदणी कायद्याने एक सोय करून ठेवली आहे. त्या कायद्याखाली मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघत. त्यांत पुस्तकाचं नाव आणि भाषा, छापखाना, प्रसिद्धीची तारीख, पानं, आकार, कितवी आवृत्ती, किती प्रती काढल्या, शिळाछाप की खिळ्यांचा, आणि किंमत, इतकं सगळं यायचं. पानं, आकार, छापखाना आणि किंमत या चारही गोष्टी जुळल्या तर ती यादी नेमक्या आपल्या छापाचंच वर्णन करते आहे. मग ती ५१० मध्ये घालावी, सबफील्ड सी मध्ये वर्ष, तिमाही आणि पान. किंमत जुळली नाही, यादीत दोन आणे आणि पुस्तकावर चार, तर आवृत्तीचा रकाना पुन्हा वाचावा.